अर्धी दृष्टी व खरी साक्ष

शस्त्रक्रियेने व मंडळीच्या प्रार्थनेने ज्याची दृष्टी अंशतः परत आली, त्याने उपासनेत उभे राहून "मला अजून नीट दिसत नाही" असे सांगितले, तर तो अविश्वास ठरतो काय?

डोळ्यातील पडदा सुटणे हा रोग मोतीबिंदूहून निराळा आहे. मोतीबिंदूत भिंग धूसर होते. ते काढले की बहुधा दृष्टी मोकळी होते. मिरजेच्या मिशन इस्पितळात डॉ. वॉनलेस यांनी अशा पुष्कळांचे डोळे उघडले. परंतु आतील पडद्यास छिद्र पडले की त्यातून पाणी मागे शिरते व पडदा सुटतो. हे छिद्र बंद करण्याचा मार्ग स्वित्झर्लंडातील डॉ. गोनिन यांनी १९२० च्या सुमारास दाखविला. तोपर्यंत हा रोग बहुतेक असाध्यच गणला जाई. आज शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा डोळ्यात वायूचा बुडबुडा भरतात, आणि कित्येकांस काही दिवस तोंड खाली करून राहावे लागते. उंचीवर हा वायू फुगतो. म्हणून मुंबईस उपचार घेतलेल्या नाशिककराने कसारा घाट चढण्यापूर्वी डॉक्टरांस विचारलेच पाहिजे. पडद्याचा मध्यभाग सुटला असल्यास नंतरही सरळ रेषा वाकड्या दिसतात. सुधारणा महिनोन्‌महिने चालते. कधी ती पुरी होतच नाही.

बेथसैदा येथील आंधळ्याची गोष्ट मार्काच्या ८ व्या अध्यायात आहे. प्रभूने विचारले तेव्हा त्यास माणसे झाडांसारखी दिसत होती, व त्याने तसेच सांगितले. उपकाराच्या भारामुळे त्याने पुरी दृष्टी आल्याचा आव आणला नाही. प्रभूनेही त्यास दोष दिला नाही. त्याच्यावर पुन्हा हात ठेवले.

कोणी म्हणेल, अशा साक्षीने दुर्बळांचा विश्वास डळमळेल. परंतु अतिशयोक्तीवर उभारलेला विश्वास किती दिवस टिकणार? शिवाय, "मी पूर्ण बरा झालो" असे ज्याच्याकडून चारचौघांत वदविले, तो पुढे डोळ्यापुढे वीज चमकली, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने सावली आली, तरी लाजेने गप्प बसतो. ही पडदा पुन्हा सुटल्याची चिन्हे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे. मंडळीच्या आग्रहापायी एखाद्याचा डोळा जावा, यात देवाचे गौरव कोणते?

तेव्हा बंधुभगिनींनो, जितके दिसते तितक्याबद्दल आभार मानावे. जे दिसत नाही तेही निर्भयपणे सांगावे. आणि ज्याची दृष्टी अर्धीच राहिली, त्यास शेजारच्याने गीत वाचून दाखवावे. ऐकणाऱ्यांची साक्ष तेथून सुरू होते.