फोनची साक्ष आणि शेजाऱ्याची साक्ष

एखादा मनुष्य दिवसभर उन्हांत माती खणतो. त्याच्या बरोबरीचीं वीस माणसें त्यास खणतांना पाहतात. संध्याकाळीं तो कुदळ खांद्यावर टाकून घरीं येतो. आणि तरीही त्या दिवशीं तो कामावर नव्हता असें ठरतें, कारण त्याचा फोटो सरकारी ॲपवर चढला नाहीं. येथें खोटें कोण बोललें? मजूर बोलला नाहीं, मेट बोलला नाहीं, आणि फोन तर मुळींच बोलला नाहीं. मजुरी मात्र बुडाली. साक्ष म्हणजे काय आणि ती कोणाची मानावी, हा फार जुना प्रश्न आहे; आज आपल्या गोंदिया जिल्ह्यांत तो स्मार्टफोनच्या रूपानें दारांत येऊन उभा राहिला आहे, म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ह्या यंत्राचे उपकार प्रांजळपणें मान्य केले पाहिजेत, नाहींतर आमचें पुढील बोलणें निव्वळ कुरकुर वाटेल. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचा दर एकाएकीं इतका उतरला कीं जें शहरांतल्या नोकरदाराचें होतें तें रोवणीच्या मजुराच्या आटोक्यांत आलें. नोव्हेंबर २०२१ मध्यें त्याच कंपनीनें गूगलच्या साह्यानें जिओफोन नेक्स्ट नांवाचा स्मार्टफोन ६,४९९ रुपयांस काढला. त्यांत पडद्यावरचा मजकूर मोठ्यानें वाचून दाखविण्याची व आपल्या भाषेंत उतरवून देण्याची सोय होती. ज्यास अक्षरओळख नाहीं त्यास ही सोय केवढी मोठी, हें शिकलेल्यास सहसा कळत नाहीं.

पूर्वीं गांवांत पत्र आलें म्हणजे काय होत असे, तें वडील माणसांस आठवत असेल. मुलगा नागपुरास किंवा भिलाईस कामास गेलेला. त्याचें कार्ड आलें कीं आई तें पदरांत बांधून शिक्षकाच्या किंवा उपदेशकाच्या दारीं जाई. तो जेवत असला तर ती ओट्यावर बसून राही. मग तो तें मोठ्यानें वाची, आणि त्यांतलें घरचें दुःख आधीं परक्याच्या तोंडून बाहेर पडे व मग आईच्या कानीं जाई. उत्तर लिहावयाचें तर जें सांगावयाचें तें लेखकासमोर सांगावें लागे. जें सांगतां येण्याजोगें नसे तें राहून जाई. आतां तीच बाई फोन तोंडाजवळ धरते, आपल्या झाडीबोलींत, पोवारींत किंवा गोंडींत मनांतलें बोलते, आणि तो आवाज जसाच्या तसा लेकास पोंचतो. मध्यें कोणी वाचणारा नाहीं, कोणी सुधारणारा नाहीं. पत्रें वाचून देण्याचें काम ज्यांच्या हातून गेलें त्या आमच्या बंधूंस थोडें चुकल्यासारखें वाटत असेल. पण त्या माउलीस आपलें गुपित आपल्यापाशीं ठेवतां आलें, ही लहान गोष्ट नव्हे.

तसेंच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें दामिनी नांवाचें ॲप तयार केलें आहे, तें आसपास वीज पडण्याचा संभव असल्यास आधीं सूचना देतें. आपल्याकडे ऐन रोवणीच्या दिवसांत बांधींत उभ्या असलेल्या माणसांवर वीज पडते हें सर्वांस ठाऊक आहे. अर्थात् फोन प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळून धुऱ्यावर ठेविलेला असतो, त्यामुळें सूचना धुऱ्यास मिळते. परंतु हा दोष सुधारतां येण्याजोगा आहे.

इतकें मान्य करून आतां मुद्द्याकडे येतों. आरंभीं फोन निरोप नेणारा होता. गेल्या कांहीं वर्षांत तो साक्षीदार झाला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वीं कोणत्या शेतांत कोणतें पीक आहे हें तलाठी लिही (त्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गांवाच्या तोंडीं तलाठीच आहे). आतां शेतकऱ्यानें स्वतः बांधींत उभें राहून पिकाचा फोटो काढावा व सातबाऱ्यावर नोंद करावी असें ठरलें. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी ॲपवर घेण्याची सक्ती झाली. वैयक्तिक लाभाचीं कामें सोडून इतर कामांवर मजुरांचा दिवसांतून दोनदां फोटो घ्यावयाचा, व त्याबरोबर वेळ आणि ठिकाण हीं आपोआप नोंदलीं जावयाचीं. अंगणवाडीची नोंद १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर गेली. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याच्या जागीं दुसरा कायदा संमत केला. पण कायद्याचें नांव बदललें म्हणून आम्ही विचारीत आहों तो प्रश्न बदलत नाहीं.

हा नवा साक्षीदार कां आणावा लागला, हेंही न लपवितां सांगितलें पाहिजे. जुना साक्षीदार विश्वासूं राहिला नव्हता. मस्टरवर मेलेल्यांचीं नांवें चढत, गांव सोडून गेलेल्यांचे आंगठे उठत, आणि जो खरोखर खणी त्याच्या मजुरींतला वाटा दुसरा खाई. पिकाची नोंद पुष्कळ ठिकाणीं चावडींत बसूनच होत असे. मागील वर्षीं धान होतें म्हणून यंदाही धान. ह्या लबाडीचा भार कोणावर पडे? गरिबावरच. म्हणून ज्यांनीं हें यंत्र आणिलें त्यांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. शेतकऱ्यास स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः करतां यावी, कोणाच्या पायां पडावें लागूं नये, ही कल्पना आम्हांस मनापासून आवडते.

मग उणें कोठें पडतें? सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगांव ह्या तालुक्यांतील जंगलपट्टींत अशा जागा आहेत कीं जेथें फोनला रेंज मिळत नाहीं. मनुष्य टेकडीवर चढतो, झाडाच्या शेंड्याकडे फोन धरतो, आणि दिवस मावळतो. दुसरें, फोन फुकट मिळत नाहीं. जिओफोन नेक्स्ट निघाला त्या वर्षीं महाराष्ट्रांत रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. म्हणजे ज्यास आम्ही स्वस्त म्हणतों तो फोन घेण्यास मजुरानें सव्वीस दिवस खणून त्यांतला एक पैसाही खाण्यावर घालवूं नये. तिसरें, यंत्राची भाषा. २०२१ च्या ऑगस्टांत महाराष्ट्रांतील अंगणवाडी सेविकांनीं सरकारनें दिलेले फोन परत करण्याचें आंदोलन केलें, कारण ते फोन वारंवार बिघडत, त्यांची शक्ति कमी पडे, आणि ॲप इंग्रजींत होतें. ज्या सेविका वर्षानुवर्षें गांवांतल्या प्रत्येक लेकराचें वजन मराठींत लिहीत आल्या, त्यांच्या कामाची साक्ष आतां इंग्रजींत मागितली गेली. पुढें त्या ॲपांत देशी भाषा आल्या हें खरें. परंतु प्रथम यंत्र आलें व मागाहून भाषा आली, हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

सर्वांत अधिक मनास लागलें तें विधवांचें प्रकरण. लाडकी बहीण योजनेसाठीं सप्टेंबर २०२५ मध्यें ई-केवायसी सुरू झाली. स्त्रीचा आधार क्रमांक तर द्यावयाचाच, पण पतीचा किंवा पित्याचाही द्यावयाचा, आणि त्याच्या फोनवर जो ओटीपी जाईल तो भरावयाचा. आतां जिचा पती वारला आहे आणि पिताही वारला आहे, तिनें तो आंकडा कोणास विचारावा? ती विधवा आहे हें साऱ्या गांवानें पाहिलें आहे, अंत्यविधीस गांव गेलें होतें. पण यंत्रास गांव दिसत नाहीं. अशा स्त्रियांसाठीं शासनास पुढें वेगळी सोय करावी लागली व मुदतही वाढवावी लागली. ती केली हें चांगलें झालें. परंतु जी गोष्ट दहा वर्षांच्या मुलीसही आधींच सुचली असती ती सुचावयास कित्येक आठवडे लागले, कारण विचारणारानें गांवास विचारलेंच नव्हतें.

आतां वाचकांनीं बारकाईनें पाहावें. वरील सर्व उदाहरणांत फोन खोटें बोलला असें नाहीं. तो गप्प राहिला. आणि आमचा आक्षेप हाच आहे कीं त्याचें मौन हें नकार म्हणून वाचिलें गेलें. रेंज नव्हती ह्याचा अर्थ हजेरी कळली नाहीं एवढाच होतो; तो मनुष्य आला नाहीं असा होत नाहीं. कोणत्याही न्यायसभेंत साक्षीदार आजारी पडून आला नाहीं, तर आरोपी अपराधी आहे असें कोणी ठरवीत नाहीं. दुसरा साक्षीदार बोलावितात. मोशेच्या नियमशास्त्रांत तर एकट्याच्या साक्षीवर कोणाचा निकाल करूं नये असा दंडक घालून दिला आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्या दंडकांत साक्षीदार वाईट असेलच असें धरिलेलें नाहीं. एकटा साक्षीदार कितीही चांगला असला तरी तो एकाच बाजूनें पाहतो, एवढेंच धरिलें आहे. यंत्राचेंही तसेंच आहे.

आणि यंत्र लबाडीस वश होत नाहीं, हा समजही टिकत नाहीं. जुलै २०२५ मध्यें केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेंच पत्र काढून कळविलें कीं हजेरीच्या ॲपवर कामाशीं संबंध नसलेले फोटो चढविले जात आहेत, इतकेंच नव्हे तर जिवंत माणसांऐवजीं फोटोचाच फोटो काढून पाठविला जात आहे. म्हणजे ज्यास चोरी करावयाची त्यानें वाट काढिलीच, आणि ज्याची मजुरी नेटवर्कनें बुडविली त्यास वाट मिळाली नाहीं.

कोणी म्हणेल, ‘तुम्ही शेजाऱ्याची साक्ष मानावयास सांगतां, म्हणजे पुन्हा तेंच मस्टर, तेच खोटे आंगठे.’ हा आक्षेप खरा आहे आणि त्यास पळवाट काढणें योग्य नाहीं. शेजारीही खोटें बोलतो. भीतीनें बोलतो, जातीसाठीं बोलतो, पाटलाच्या उपकारापोटीं बोलतो. खेडें म्हणजे निर्मळ झरा असें ज्यांस वाटतें त्यांनीं एक वर्ष खेड्यांत राहावें. परंतु जुन्या मस्टरचा दोष माणसांनीं साक्ष दिली हा होता काय? आमच्या मतें तो दोष असा होता कीं साक्ष कपाटांत बंद होती. मेट लिही, तो कागद कार्यालयांत जाई, आणि ज्यांनीं काम केलें त्यांस तो कधींच दिसत नसे. २००५ च्या कायद्यानें ग्रामसभेपुढें कामांचें सामाजिक अंकेक्षण व्हावें असें सांगितलें होतें. तें जेथें मनापासून झालें तेथें चोरास अडचण झाली, आणि बहुतेक ठिकाणीं तें कागदावर उरकलें गेलें.

ह्याच्या उलट तेंदूच्या फडीवरचा प्रकार पाहावा. मे महिन्यांत पहाटे पानें तोडून आणिलेलीं, घरोघर पुडे बांधलेले, आणि संध्याकाळीं फडीवर ओळीनें मांडलेले. फडमुन्शी मोजतो तेव्हां बाई समोर उभी असते, तिची जाऊ शेजारीं असते, पलीकडच्या ओळींतला म्हातारा विनाकारण मान लांब करून पाहत असतो. मुन्शीनें एक पुडा कमी धरिला तर तेथेंच आरडाओरड होते. देवरीकडील कांहीं ग्रामसभांनीं तर २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं हा व्यवहार स्वतःच्याच हातीं घेतला आहे. ही मोजणी भल्या माणसांमुळें खरी उतरते असें नाहीं. ती सर्वांच्या डोळ्यांदेखत होते व चूक जागच्या जागीं सांगतां येते, म्हणून खरी उतरते. फोनच्या साक्षींत नेमका हाच गुण नाहीं. फोटो वर गेला कीं नाहीं, गेला तर त्यांत आपलें तोंड आलें कीं नाहीं, हें मजुरास कळत नाहीं. कळतें तें पंधरा दिवसांनीं, बँकेंत.

आणखी एक गोष्ट हळूच होत चालली आहे. ज्या कामावर पूर्वीं मेट नांवानें हांक मारी व ‘आज तुझी सासू कां आली नाहीं’ म्हणून विचारी, तेथें तो आतां पडद्याकडे पाहून माथीं मोजतो. त्याचा दोष नाहीं. त्याच्यावरही सक्ती आहे. परंतु ज्याची हजेरी यंत्र घेतें त्याच्या गैरहजेरीची काळजी करण्याचें काम कोणाकडेच उरत नाहीं. आजारी माणूस तीन दिवस घरांत पडून असला तर यंत्रास तो केवळ एक शून्य आहे.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच, कीं फोन बोलेल तेव्हां त्याचें ऐकावें; तो गप्प राहील तेव्हां गांवाची साक्ष घ्यावी, आणि ती फडीवरच्या मोजणीसारखी उघड्यावर घ्यावी. ह्यासाठीं वरच्या हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. यंदाच्या खरिपांत ज्या उपदेशकांपाशीं किंवा तरुणांपाशीं चांगला फोन आहे त्यांनीं पीक पाहणीची मुदत संपण्यापूर्वीं म्हाताऱ्यांच्या व विधवांच्या बांधींत जाऊन त्यांच्या धानाची नोंद करून द्यावी. एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होऊं शकते. ही नोंद नसेल तर आदिवासी विकास महामंडळाच्या किंवा मार्केटिंग फेडरेशनच्या केंद्रावर धान विकण्यास अडचण पडते. २०२५-२६ च्या हंगामांत साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. केंद्रावरून परत फिरलेल्या गाडीस व्यापारी काय भाव देतो तें सांगावयास नको. नोंद करून देण्याबद्दल पैसे मात्र घेऊं नयेत. ती प्रथा कांहीं गांवांत पडूं लागली आहे व ती आम्हांस लाजिरवाणी वाटते.

आणि सामुदायिक कामावर जाणाऱ्या प्रत्येक टोळीनें एक साधी वही ठेवावी. रोज काम सुटतांना आलेल्यांचीं नांवें मोठ्यानें वाचावीं, दोघांनीं सही किंवा आंगठा करावा, आणि फोटो चढला नसेल तर त्याच दिवशीं तसें लिहून रोजगार सेवकाची सही मागावी. त्यानें नाकारली तर नाकारली असेंही लिहावें. ती वही कोणाच्या घरीं राहावी ह्यावर गांवांत वाद होईल, हें आम्ही जाणून आहों. मेटाच्या घरीं नको, पुढाऱ्याच्या घरींही नको. अंगणवाडीच्या भिंतीवर खिळ्यास दोरीनें बांधून ठेवावी, म्हणजे लेकरास सोडावयास आलेली कोणतीही बाई ती उघडून पाहूं शकेल, आणि जिला वाचतां येत नाहीं ती सेविकेकडून वाचून घेऊं शकेल.