समोरासमोर : द्वंद्वपूर्व क्षणाची नीती

द्वंद्व सुरू होण्यापूर्वी एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोन योद्धे हा कल्पनारम्य चित्रकलेचा एक रूढ विषय आहे. अशा चित्रातली भूमी कल्पित असते, शस्त्रे कल्पित असतात, वैराचे कारणही बहुधा अज्ञात असते. निश्चित असते ते केवळ दोघांमधले अंतर. करमणुकीची वस्तू म्हणून समीक्षा या चित्रप्रकाराकडे सहसा दुर्लक्ष करते. तथापि त्यातून एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो : प्रतिस्पर्ध्याला ‘समोर’ उभे करणे म्हणजे त्याला नेमके काय देणे?

चित्रकाराच्या हाती एकच क्षण असतो, म्हणून तो परमोत्कर्षाचा नसावा, प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीला वाव देणारा असावा, असे लेसिंगने ‘लाओकून’ (१७६६) या ग्रंथात प्रतिपादन केले. त्याचा मुद्दा सौंदर्यशास्त्रीय आहे. पण त्याला नैतिक बाजूही आहे. आघातानंतरच्या चित्रात एक जेता असतो आणि एक देह; आघातापूर्वीच्या चित्रात दोन माणसे असतात. आपल्या साहित्यशास्त्रातूनही याच निष्कर्षाकडे जाता येते. वीररसाचा स्थायीभाव उत्साह, आणि विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’नुसार ‘विजेतव्य’, म्हणजे ज्याला जिंकायचे तो, हा त्याचा आलंबन विभाव. प्रतिस्पर्धी हा वीररसाला अडथळा नसून त्याचा आधार आहे, असा याचा अर्थ होतो. त्याला क्षुद्र ठरवले तर उत्साह उपहासात विरतो. राक्षस ठरवले तर रस भयानकाकडे किंवा रौद्राकडे झुकतो.

या विचाराची कसोटी महाड-पोलादपूरच्या परिसरात घेता येते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले की प्रतापगड लागतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफजलखान समोरासमोर आले. हा प्रसंग ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात वर्णिणाऱ्या कवींद्र परमानंदाची समाधी पोलादपूर येथे आहे. तो प्रसंग रूढार्थाने द्वंद्व नव्हता. ती ‘भेट’ होती. आलिंगन हा तिचा शिष्टाचार, संशय हा तिचा आशय. येथे समोरासमोर येणे हेच मुळी दोन्ही अर्थांनी वाचता येणारे चिन्ह होते. लोकप्रिय चित्रांनी मात्र ही संदिग्धता क्वचितच स्वीकारली. त्यांनी बहुधा पूर्वक्षण सोडून वधाचा क्षण निवडला. २००९ साली गणेशोत्सवात याच प्रसंगाच्या चित्रावरून मिरजेत दंगल उसळली. तिचे राजकीय संदर्भ अनेक आहेत. परंतु कोणता क्षण चितारायचा ही निवड निव्वळ कलेची बाब राहत नाही, एवढे त्यातून स्पष्ट व्हावे.

दुसरे उदाहरण पोलादपूर तालुक्यातल्याच उमरठचे. हे तानाजी मालुसरे यांचे गाव, आणि त्यांचे स्मारकही तेथेच आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाण्यावर तानाजी आणि किल्लेदार उदयभान यांची गाठ पडली. सभासद बखरीतील वर्णन विलक्षण संयत आहे. तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तो डावा हातच ढालीसारखा पुढे करतो. दोघेही सारख्याच त्वेषाने लढतात आणि दोघेही पडतात. विजय मराठ्यांचा आहे, पण मृत्यूच्या बाबतीत बखरकार दोघांत भेद करीत नाही. तुळशीदासाचा पोवाडा मात्र उदयभानाला अतिशयोक्तीने राक्षसी रूप देतो, आणि २०२० सालच्या ‘तान्हाजी’ या चित्रपटाने त्याच्या क्रौर्याचा आणखी विस्तार केला. नायकाला मोठे करण्याचा हा मार्ग सोपा वाटतो. प्रत्यक्षात त्याने नायकाचीच उंची घटते. श्वापदाला मारणारा शिकारी ठरतो. समानाशी लढणारा वीर.

हा पूर्वक्षण एवढा मोलाचा का, याचे उत्तर हेगेलच्या ‘फेनोमेनॉलॉजी’त (१८०७) सापडते. प्राणपणाचा संघर्ष हा मूलतः मान्यतेसाठी असतो. पण प्रतिस्पर्धी मेला की मान्यता देणारेच कोणी उरत नाही. मान्यता शक्य असते ती शस्त्र उचलले जाईपर्यंतच. समोरासमोरचे चित्र तेथेच थांबते, हा त्याचा विवेक. युद्धानंतर ही मान्यता फक्त जेत्याच्या हाती राहते. प्रतापगडाच्या पायथ्याशी असलेली अफजलखानाची कबर हे तिचेच एक रूप आहे : वैर संपल्यावर शत्रूला त्याच्या धर्माप्रमाणे दिलेली जागा. त्या कबरीभोवतीची अनधिकृत बांधकामे २०२२ साली प्रशासनाने हटवली. त्या निमित्ताने झालेल्या चर्चेत कबरीचा हा मूळ अर्थ पुन्हा आठवणे आवश्यक होते.

येथवरचे विवेचन एका गृहीतावर उभे आहे : ज्याच्याशी लढायचे त्याला ‘समोर’ येण्याचा अधिकार आहे. हे गृहीत किती अपुरे आहे ते महाडनेच दाखवून दिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि तेथले पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे पंचगव्याने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. हल्ल्यात निदान वैराची कबुली असते; शुद्धीकरणात तीही नाही. तेथे समोरचा माणूस शत्रूही नसतो, तो विटाळ असतो, आणि विटाळाशी द्वंद्व होत नाही. प्रतापगडाच्या खानाला कबर मिळाली. तळ्याकाठच्या माणसांना प्रतिस्पर्ध्याचा दर्जाही नाकारला गेला. आंबेडकरांनी प्रतिहल्ला होऊ दिला नाही, यातही याच दृष्टीने अर्थ आहे. तलवारीने मिळणारी मान्यता दोघांपुरती आणि क्षणापुरती असते. त्यांना हवी होती ती सर्वांसाठी असलेली, लढाईची पूर्वअट नसलेली मान्यता. तळ्यावरील हक्काचा निकाल १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने लागला.

यामुळे समोरासमोरच्या चित्राचे मूल्य नाहीसे होत नाही. त्याची मर्यादा मात्र ठरते. ते चित्र प्रतिस्पर्ध्याला चेहरा देते, आणि एवढ्यापुरते ते वधाच्या चित्रापेक्षा अधिक न्याय्य आहे. परंतु ते ज्यांना चौकटीत घेते त्यांनाच हा न्याय मिळतो. म्हणून अशा चित्राचे वाचन करताना दोघांमधले अंतर जसे मोजावे लागते, तसेच त्या अंतराच्या टोकाशी उभे राहण्याची मुभा कोणाला नव्हती, हेही विचारावे लागते.