शंका आणि अफवा

27 नोव्हेंबर 2018 पासून महाराष्ट्रात 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस देणे सुरू झाले, तेही शाळाशाळांतून. उर्दू शाळांत आम्हा शिक्षकांपुढे पालक मोबाइल धरू लागले : या सुईने मुलांना पुढे औलाद होत नाही म्हणे! पोलिओच्या थेंबांबद्दलही पूर्वी हेच पसरले होते.

पालक अडाणी आहेत, असे म्हणून मोकळे होणे सोपे. पण 31 जानेवारी 2021 रोजी आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात, 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले बचावली, तिघांवर कारवाई झाली. त्यानंतर एखादी अम्मी 'बाटलीत काय आहे?' म्हणून विचारत असेल, तर तिला अडाणी कोणत्या तोंडाने म्हणायचे? तिचा प्रश्न तर विज्ञानाचाच आहे.

शंकेला जवाब हवा असतो, अफवेला तो नकोच असतो. सॅनिटायझरची चूक पकडता आली, कारण बाटली समोर होती आणि देणारी माणसेही. मोबाइलवरच्या मजकुराला धनीच नव्हता. आणि त्याचा जवाब तर आमच्या वर्गातच बसलेला असतो. पल्स पोलिओ 1995 मध्ये सुरू झाले. तेव्हा थेंब घेतलेली मुले आज आई-बाप आहेत, त्यांची लेकरे आमच्याकडे अलिफ-बे गिरवतात.

पालकसभेत हे सांगितले की मान डोलते. मग मागून कुणीतरी विचारतेच, "पण गुरुजी, बाटली तपासतो कोण?" हा जवाब आम्ही देत नाही. आरोग्यसेविकेला बोलावतो, बाटली घेऊन.