संशयार्थी क्रियापद आणि यंत्राचे वाचन

संहितेचा अर्थ तिच्यातच बंदिस्त नसतो, तो अन्य संहितांशी असलेल्या संबंधांतून सिद्ध होतो, हे प्रतिपादन साहित्यविचारात रूढ आहे. वैद्यकात त्याचा प्रत्यय १९८६ साली आला. शिकागो विद्यापीठातील माहितीशास्त्रज्ञ डॉन स्वॉन्सन यांनी दोन संशोधनपरंपरा शेजारी ठेवून वाचल्या. रेनॉच्या विकारात बोटांतील रक्तवाहिन्या थंडीने आकुंचन पावतात. अशा काही रुग्णांत रक्ताचा दाटपणा वाढलेला आढळतो, असे एका परंपरेतील लेख सांगत होते. माशाच्या तेलाने हा दाटपणा कमी होतो, असे दुसरीतील. या दोन लेखकवर्गांत परस्परांचा उल्लेख जवळजवळ नव्हताच. हे तेल त्या विकारावर गुणकारी ठरू शकेल, या अनुमानाची दोन्ही अंगे छापलेली होती. अनुमान मात्र कोणी काढलेले नव्हते.

स्वॉन्सन स्वतः वाचत होते. आज पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि त्यांचे वाचन यंत्राकडे सोपवले जाते. यंत्र वाक्यांतून द्रव्यांची व विकारांची नावे हुडकते, त्यांना एका क्रियापदाने जोडते किंवा सलग सारांश लिहून देते. नैतिक प्रश्न उद्भवतो तो त्या क्रियापदापाशी. ‘विकार कमी करते’, ‘कमी करीत असावे’ आणि ‘कमी करते असे आढळले नाही’ या तिन्ही वाक्यांत नामे तीच आहेत. ‘असावे’ हा शैलीचा अलंकार नव्हे. आपल्या विधानाची जबाबदारी आपण कोठवर घेतो, हे लेखक त्यातून सांगत असतो. ते गळले, की त्याने न केलेले विधान त्याच्या नावावर चढते.

ही अडचण त्या शास्त्रानेही ओळखली आहे. २००८ साली सिद्ध झालेल्या बायोस्कोप या वाक्यसंग्रहात नकार व संशय दर्शवणारे शब्द आणि त्यांची व्याप्ती माणसांनी खुणा करून नोंदवली. परंतु संशय ओळखणे आणि त्याचे वजन सांभाळणे या भिन्न गोष्टी आहेत. दोन ‘असावे’ एकमेकांना जोडल्याने ‘आहे’ निष्पन्न होत नाही. संशय उलट वाढतो.

मानवी समीक्षकही संशय गाळतात, आणि यंत्र नाकारल्यास एखादा उपाय ग्रंथालयातच पडून राहील, हा आक्षेप रास्त आहे. रुग्णाचे हित त्यात गुंतलेले आहे. मात्र समीक्षकाला जाब विचारता येतो. रोलाँ बार्थ यांनी लेखकाचा मृत्यू घोषित केला तो वाचकाच्या जन्मासाठी. येथे विधान तयार होताना लेखकही नाही आणि वाचकही नाही.

म्हणून यंत्राने जुळवलेला संबंध हा प्रश्न मानावा, उत्तर नव्हे. आणि त्यावर कृती करणाऱ्याने दोन्ही मूळ वाक्ये वाचण्याचे दायित्व स्वीकारावे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत माशाच्या तेलाचा लाभ प्राथमिक स्वरूपाच्या रेनॉ-विकारात दिसला, दुय्यम स्वरूपाच्या विकारात दिसला नाही. संहितांच्या शेजारातून प्रश्न मिळाला होता. त्याच्या उत्तराची मर्यादा रुग्णांपाशी कळली.