सात वाट्यांचे घर

जुने घर विकत घेताना माणूस नेमके काय पाहतो? आम्ही दोघांनी काय पाहिले, ते आधी सांगतो. चिपळूणच्या एका जुन्या मोहल्ल्यातले घर विकायचे आहे असे कळले आणि पावसाळा सरल्यावर आम्ही ते पाहायला गेलो. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, सागवानी तुळया, वर कौले. पुढे ऐसपैस ओटी, मग माजघर, मागीलदारी विहीर. मशीद हाकेच्या अंतरावर, बाजार पायी जाण्याजोगा. निवृत्तीनंतर फ्लॅटच्या दोन खोल्यांत दिवस काढणाऱ्या आम्हाला ती ओटी पाहूनच हायसे वाटले. किंमत 70 लाख. एवढ्या जागेला ती जास्त वाटली नाही.

माजघराच्या भिंतीला छातीपर्यंत नवा रंग होता आणि वर जुना. आम्ही काही विचारण्याआधीच घरातले थोरले भाऊ म्हणाले, "26 जुलै 2005 ला वाशिष्ठीचे पाणी ओटीवर आले. 22 जुलै 2021 ला इथवर. पाहून घ्या, मग बोला." आम्हाला हदीसमधला प्रसंग आठवला. बाजारातल्या धान्याच्या राशीत प्रेषितांनी हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. मालातला ऐब सांगून विकावा, ही शिकवण त्यातूनच आली. या भावांनी ओले धान्य वर ठेवले होते. त्यांच्याविषयी आदर वाटला.

खरी ओल पुढे कागदांत लागली.

मिळकत पत्रिकेवर दोनच नावे होती, दोन भावांची. आईवडील वारलेले. पाठच्या तीन बहिणी खेड, दापोली आणि महाडला दिलेल्या. तिघींनी नोंदणी केलेले हक्कसोड पत्र करून दिले होते. "कागद स्वच्छ आहे," वकील म्हणाले. ते खरेच होते.

पण कागद स्वच्छ असला तरी हिशेब डोक्यातून जाईना. सूरे निसामध्ये वारशाचे वाटे ठरवून दिले आहेत. मुलाला दोन, मुलीला एक. दोन भावांचे चार, तीन बहिणींचे तीन, असे सात वाटे. म्हणजे 70 लाखांत प्रत्येक बहिणीचे 10 लाख. 1937 च्या शरियत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली होती. घर मात्र कक्षेतच आहे, तिथे तीही सबब चालत नाही. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफी. आमच्या मजहबात शुफ्याचा, म्हणजे इतरांआधी विकत घेण्याचा हक्क शेजाऱ्याला नाही, सहभागीदाराला आहे. आणि या घरात वारशाने सहभागीदार तर या बहिणीच होत्या.

थोरले भाऊ म्हणाले, "लग्नात सगळे केले ना त्यांचे. त्यांनी राजीखुशीने सोडले."

वारसाने आपला वाटा राजीखुशीने सोडला तर शरियत अडवत नाही. प्रश्न खुशीचा आहे. आम्ही खेडला जाऊन थोरल्या आपांना भेटलो. चहा देत त्या म्हणाल्या, "सही राजीखुशीनेच केली. नसती केली, तर ईदला कुठल्या दारात गेले असते?" मग विचारले, "विहिरीचे पाणी अजून गोड आहे ना?"

आपल्याकडे महर माफ करून घेतात, तशाच रीतीने वाटाही सोडवून घेतात. जिला नाही म्हणण्याची सोय नाही, तिचे होय कितपत धरावे? माहेरचा दरवाजा उघडा ठेवण्याची किंमत म्हणून दिलेली सही दान होत नाही. त्याला फार तर जकातनाका म्हणावे.

यावर कोणी म्हणेल, गिऱ्हाइकाने काझी का व्हावे? भावाबहिणीचा मामला त्यांनी पाहावा. हे म्हणणे आम्हीही स्वतःला दोन दिवस सांगून पाहिले. पण भिंतीतली ओल कळल्यावर ती नाही असे धरून भाव करता येत नाही. मग हीही ओल आता आम्हाला ठाऊक झाली आहे. आपांचा प्रश्न ऐकल्यानंतर त्या विहिरीचे पाणी आम्ही कसे पिणार?

आणि काझी होण्याची आमची लायकी तरी काय? आम्हा दोघांपैकी एकाने वडिलांचे घर वाटताना बहिणींच्या सह्या घेतल्या आहेत आणि दुसरीने आपल्या भावांना सही दिली आहे. तीस वर्षांच्या संसारात या दोन कागदांविषयी आम्ही एकदाही एकमेकांशी बोललो नव्हतो. बोलणे झाले ते खेडहून परतताना, एस.टी.त.

आम्ही थोरल्या भावांना कळवले: भाव तुम्ही सांगितला तोच, पण रक्कम सात वाट्यांत जाईल. तीन धनादेश बहिणींच्या नावाने निघतील. त्यानंतर त्यांना ती रक्कम भावांना द्यायची असली तर त्यांनी ती पैसे हातात आल्यावर खुशाल द्यावी. हातात आलेले देणे आणि हातात येऊच न देता सोडवून घेणे, यांतला फरक तेव्हाच कळतो. भाऊ बराच वेळ गप्प राहिले. "विचार करून सांगतो" म्हणाले. अजून उत्तर आलेले नाही. घर मिळेल की नाही, सांगता येत नाही.

आमच्या घरचा हिशेब मात्र त्या उत्तरासाठी थांबवण्याचे कारण नव्हते. सही देणारीने भावांकडे मागावे की नाही, हे तिचे अजून ठरलेले नाही. सही घेणाऱ्याला तशी सवलत नाही. त्याने धाकट्या बहिणीला फोन केला आणि तुझा वाटा द्यायचा आहे, असे सांगितले. ती क्षणभर काही बोलली नाही. मग घाबरून म्हणाली, "भाई, तुमची तब्येत तर बरी आहे ना?"