वळवलेले पाणी



कार्तिकीच्या वारीला आपल्या कर्जत-खालापूरकडची मंडळी बोरघाट चढून आळंदीला जातात. त्या वाटेने तुम्ही चालला असाल, तर खोपोलीच्या डोंगरावरून सरळ खाली उतरलेले मोठे लोखंडी पाइप तुम्ही पाहिले असतील. आपण ते पाहतो, टाळ वाजवीत पुढे जातो. त्या पाइपांतून काय वाहते, हे मी वीस वर्षे वारी करूनही स्वतःला विचारले नव्हते.

लोणावळ्याच्या माथ्यावर पडणारा पाऊस तिथल्या तलावांत अडवायचा आणि तो पाचशे मीटर खाली कोकणात सोडून वीज करायची, ही टाटांची योजना. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. आपल्या कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे वीजघर १९२२ चे. भिवपुरीला येणारे पाणी मावळातल्या आंद्रा नदीचे, ठोकरवाडीच्या धरणातले. आता ही आंद्रा मूळची कुठे जाते पाहा. ती इंद्रायणीला मिळते. इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते. आणि भीमा पंढरपुरात गेली की आपण तिला चंद्रभागा म्हणतो.

म्हणजे जे पाणी आळंदीवरून पंढरीला जायचे, ते पूर्वेची वाट सोडून पश्चिमेला वळवले गेले. वीज करून झाल्यावर ते उल्हास नदीत येते, राजनाल्यातून शेताशेतांत जाते. माझ्या खाचरातला उन्हाळी भात त्याच पाण्यावर पिकतो. ज्या इंद्रायणीत मी कार्तिकीला स्नान करतो, तिच्याच वाट्याचे पाणी वर्षभर माझे घर पोसते. हे कळले त्या दिवशी आनंद मानावा की संकोच, हेच मला उमगेना.

हा संकोच माझ्या एकट्याचा नाही. गेल्या शतकात जगातल्या मोठ्या तत्त्वज्ञांनी याच प्रश्नावर डोके शिणवले. मार्टिन हायडेगर नावाचा जर्मन विचारवंत होता. १९५३ साली त्याने यंत्रयुगावर एक व्याख्यान दिले आणि त्यात दाखला घेतला तो ऱ्हाइन नदीवरच्या वीजघराचा. जणू आपल्या भिवपुरीचाच. तो म्हणतो, जुना लाकडी पूल नदीवर बांधलेला होता, नदी नदीच राहिली. वीजघराचे तसे नाही. आता नदीच वीजघरात बांधली गेली. ती काय आहे हे वीजघर ठरवते. नदी म्हणजे पाण्याच्या दाबाचा साठा. तसेच मग जमीन म्हणजे खनिजाचा साठा आणि रान म्हणजे लाकडाचा साठा. कोणी म्हणेल, डोळ्यांना तर ती नदी नदीच दिसते. त्यावर तो विचारतो, कशी दिसते? सहलीवाल्यांना दाखवायचे दृश्य म्हणून. कर्जतच्या नदीकाठची फार्महाऊसे आणि शनिवार-रविवारची गर्दी पाहिली की हे त्याने आपल्यासाठीच लिहिले असे वाटते. त्याचा शेवटचा इशारा अधिक कडक आहे. सगळ्या जगाला साठा समजणारा माणूस एक दिवस स्वतःही साठाच होऊन बसतो. आज कंपन्यांतून माणसाला ‘मनुष्यबळ’ म्हणतात, ते ऐकून आपण दचकतही नाही.

मात्र यंत्रे मोडून टाका असे तो म्हणत नाही. १९५५ साली आपल्या गावी बोलताना त्याने यंत्राला एकाच वेळी ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणायला सांगितले. वापरावे, पण त्याच्या हाती जीव देऊ नये. या वृत्तीला त्याने जो शब्द वापरला, तो माइस्टर एकहार्ट या जर्मन साधुपुरुषाचा होता. त्याचा अर्थ आपलेपणाची पकड सोडणे, वस्तूला तिच्या ठायी असू देणे. हा एकहार्ट आपल्या ज्ञानोबारायांच्या काळातला. इकडे शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा तो तिकडे तिशीच्या आसपास होता. आपण उदासीनता म्हणतो, अनासक्ती म्हणतो, त्याच्याच जवळचा तो शब्द आहे.

इथपर्यंत वारकऱ्याला हे सारे गोड वाटते. जुने ते चांगले, नव्याने घात केला, असे म्हणून मोकळे होता येते. पण माउली, तिथे थांबू नका.

हायडेगरने लाकडी पुलाचे कौतुक केले. त्या पुलावरून कोणाला जाऊ देत होते, हे त्याने विचारले नाही. आपण मात्र ते विचारायलाच हवे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, चवदार तळे आहे. ते पाणी कोणी साठा केलेले नव्हते, कोणी पाइपात घातलेले नव्हते. तरी काही माणसांना त्याला हात लावायची बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पाणी ओंजळीत घेतले, ते समान हक्काच्या नव्या विचाराने. आपल्या पंढरीतही चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. ज्या संप्रदायाने चोखोबांचे अभंग गायले, त्याच्याच देवाचे दार त्यांच्या जातभाईंना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावावे लागले. युर्गन हाबरमास या दुसऱ्या जर्मन विचारवंताने १९८० साली सांगितले की आधुनिकता हे फसलेले काम नव्हे, अर्धे राहिलेले काम आहे. महाड आणि पंढरपूर आठवले की त्याचे म्हणणे पटते. समतेचे वचन संतांनी दिले होते. ते पुरे करायला नवा काळही लागला.

पण नव्याचाही हिशेब अपुरा आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी रायगडातच भिऱ्याला उतरते. ते धरण होत असताना १९२१ पासून मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढे होते. तरी जमिनी बुडाल्या. मुंबईत दिवे लागले तेव्हा कोणाच्या घरी अंधार झाला, हा प्रश्न दिव्याखाली बसून वाचणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. मलाही.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती लपवून हा लेख लिहिणे खोटेपणाचे होईल.

चार वर्षांपूर्वी धाकट्या भावावर मुलाच्या आजारपणाचे कर्ज झाले. राजनाल्यापासून दूरचा, वरकस जमिनीचा तुकडा विकायचे ठरले. त्यात गैर काही नव्हते. एजंट पाहणीला आला. गुंठ्याचा भाव, समोरचा डोंगर कसा दिसतो, असे बोलणे चालले होते. शेताच्या कडेने एक पायवाट जाते. पलीकडच्या वाडीतल्या कातकरी बाया वीटभट्टीवर जायला आणि पोरे शाळेला जायला तीच धरतात. एजंटने विचारले, “ही वाट कुणाची?” मी पटकन बोलून गेलो, “कुणाची नाही. कातकऱ्यांची आहे. बंद होईल.”

संध्याकाळी हरिपाठाला बसलो. तोंड चालत होते आणि कानांत माझेच शब्द वाजत होते. कुणाची नाही, कातकऱ्यांची आहे. हायडेगर साठ्याबद्दल बोलतो. साठ्यातल्या वस्तूला निदान भाव तरी असतो. माझ्या बोलण्यात त्या माणसांची मोजदादच नव्हती. वारीत मी अनोळखी माणसाच्या पायावर डोके ठेवतो, त्याला माउली म्हणतो. आणि माझ्या बांधावरून रोज जाणारी माउली मला दिसली नव्हती. नदीसाठी हळहळणारा तो हायडेगरही १९३३ साली हिटलरच्या पक्षात गेला होता. शेजारच्या यहुदी माणसावर काय ओढवणार आहे, ते त्याच्या विचाराला दिसले नाही. त्याला दोष देताना माझी मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी मी सांगितले, दहा फूट वाट सोडूनच विकायचे आणि खरेदीखतात तशी नोंद करायची. भाव कमी झाला. भाऊ काही महिने माझ्याशी धड बोलला नाही, आणि त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. कर्ज त्याच्या डोक्यावर होते. माझ्या वाट्यातले थोडे त्याला दिले, तेव्हा कुठे निभावले. मी मोठे काही केले नाही. वाट त्यांचीच होती. ती कागदावर आली, एवढेच.

म्हणून जुने की नवे या वादात मला आता फार रस उरला नाही. धरण फोडून इंद्रायणी परत फिरवता येणार नाही, आणि राजनाल्याचे पाणी थांबले तर आधी माझेच खाचर वाळेल. वारकऱ्याने विचारायचे ते दोन प्रश्न साधे आहेत. हे ज्याच्या जिवावर आले, तो मला दिसतो का? आणि माझ्या दारातून, माझ्या बांधावरून, त्याला वाट आहे का? पायावर डोके ठेवण्याची आपली रीत याच दृष्टीचा सराव आहे. तो सराव वाळवंटातच संपला, तर ती वारी अर्धीच झाली.

येत्या कार्तिकीला घाट चढताना त्या पाइपांपाशी क्षणभर थांबा. आत इंद्रायणी आहे. तिला हात जोडा, आणि घरी परतलात की आपल्या बांधावरून कोण जाते ते एकदा नीट पाहा.

राम कृष्ण हरी.