कराची रक्कम आणि कर घेण्याचा अधिकार

एखाद्याकडून पैसा घेणे केव्हा न्याय्य ठरते? रक्कम अल्प असली म्हणजे, ती सत्कार्यी लागली म्हणजे, की ज्याच्याकडून ती घ्यावयाची त्याची संमती असली म्हणजे? वाचकहो, घरातील सामाईक खर्चापासून राज्याच्या तिजोरीपर्यंत हा प्रश्न सर्वत्र उभा राहतो. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींनी तो असा काही लावून धरला की त्यातून एक साम्राज्य दुभंगले.

१७६३ साली सात वर्षांचे युद्ध संपले तेव्हा ब्रिटनवरील कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते. अमेरिकेत ठेवलेल्या सैन्याच्या खर्चाचा काही भाग तेथील रहिवाशांनी उचलावा, ही लंडनची अपेक्षा अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. त्यासाठी १७६५ मध्ये ‘स्टॅम्प ॲक्ट’ आला. न्यायालयीन कागद, परवाने, वृत्तपत्रे, इतकेच नव्हे तर खेळावयाचे पत्तेही त्याच्या कक्षेत आले. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्क येथे जमले. आमच्यावर कर बसविण्याचा अधिकार आम्ही निवडलेल्या विधिमंडळांचाच आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पुढच्याच वर्षी कायदा मागे घेण्यात आला. मात्र त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा करून, वसाहतींसाठी सर्व बाबतींत कायदे करण्याचा आपला अधिकार ठामपणे नोंदवून ठेवला. पैसा सोडला, अधिकार सोडला नाही.

लंडनकडे युक्तिवाद नव्हता असे समजू नका. मंत्रिमंडळाच्या वतीने टॉमस व्हेटली यांनी मांडले की मँचेस्टर व बर्मिंगहॅमसारख्या शहरांचाही पार्लमेंटमध्ये स्वतंत्र सभासद नाही. तरीही प्रत्येक सभासद साऱ्या प्रजेचा प्रतिनिधी असल्याने वसाहतींचेही प्रतिनिधित्व होतेच. याला मेरीलँडचे वकील डॅनियल ड्युलनी यांनी दिलेले उत्तर मला या संपूर्ण वादातील सर्वांत मार्मिक वाटते. मताधिकार नसलेल्या इंग्रजावर जो कर बसतो, तोच कर बसविणाऱ्या सभासदालाही भरावा लागतो. म्हणून तेथे जुलमाला आपोआप लगाम राहतो. अमेरिकेवर बसविलेल्या कराची मात्र झळ त्याला लागत नाही. उलट, तिकडे जितका कर वाढेल तितका त्याचा स्वतःचा भार हलका होतो!

ज्याचा लाभ त्याच्याच हाती निर्णय, ही खरी गोम आहे. आपल्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला येथे जकातीची व्यवस्था आठवल्याविना राहणार नाही. ती कोणावर खर्च व्हावी हे दिव्य कुरआनातील सूरह अत्-तौबामध्ये आठ वर्ग सांगून ठरवून दिले आहे, आणि आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सदक्याचा माल स्वतःसाठी व आपल्या कुटुंबीयांसाठी निषिद्ध ठरविला. वसुलीचा सर्वोच्च अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांनी स्वतःला व आपल्या कुटुंबीयांना तिच्या लाभापासून दूर ठेवले.

आता चहाची गोष्ट पाहा. १७७३ च्या कायद्याने अडचणीत आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा थेट अमेरिकेत विकण्याची सवलत मिळाली. चहा स्वस्त होणार होता! पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा कायम होता. तरीही १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. दुसऱ्याच्या मालाची ही नासाडी योग्य होती असे मी म्हणणार नाही. परंतु प्रश्न रकमेचा नव्हता हे तिने उघड केले. ही कंपनी आपल्याला परकी नाही. ज्या १७६५ साली स्टॅम्प ॲक्ट झाला, त्याच साली तिने बादशहा शाह आलमकडून बंगालची दिवाणी मिळविली. १७७० च्या भीषण दुष्काळात लक्षावधी माणसे मेली, पण महसुलाची वसुली थांबली नाही. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सन यांनी १७७३ मध्ये कंपनीच्या आशियातील याच वर्तनाकडे बोट दाखवून आपल्या देशबांधवांना सावध केले होते. बंगालच्या रयतेला मात्र तक्रार नेण्यास कोणतेही विधिमंडळ नव्हते.

आणि तक्रार करणारे स्वतः? वसाहतींतील सुमारे एक पंचमांश माणसे गुलाम होती. स्त्रियांना, मालमत्ता नसलेल्यांना मत नव्हते. पॉल कफी हा मॅसॅच्युसेट्समधील तरुण. वडील आफ्रिकेतून आणलेले व पुढे मुक्त झालेले गुलाम, आई तेथील मूळच्या वाम्पनोआग जमातीची. १७८० मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध चालू असतानाच, त्याने, त्याचा भाऊ जॉन याने व काही सोबत्यांनी विधिमंडळाकडे अर्ज केला. आमच्याकडून कर घेतला जातो, पण तो बसविणाऱ्यांना निवडताना आम्हाला मत देता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी हेही लक्षात आणून दिले की करांच्या बाबतीत अशाच सत्तेचा प्रतिकार करण्यासाठी आमच्या वर्णाचे कित्येक जण तुमच्या बाजूने आनंदाने रणांगणावर गेले आहेत. हा अर्ज ज्यांच्यापुढे ठेवला गेला, ते सारे त्या वेळी लंडनच्या पार्लमेंटविरुद्ध नेमक्या याच तक्रारीसाठी लढत होते.